एक वाजून दहा मिनिटं

मोरोक्कोहून फॉस्फेट भरून आम्ही कांडल्याला निघालो होतो. रविवार होता, म्हणजे बिर्याणी आणि आइसक्रीम. सेकंड ऑफिसरला ते सुख नसतं. बारा ते चारची वॉच, म्हणजे पाळी, त्याची, त्यामुळे मी अकरा-साडेअकरालाच चार घास पोटात ढकलून ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, गेलो होतो. क्रीट बेट डाव्या हाताला, पण दिसत नव्हतं. समुद्र तेलासारखा सपाट.

कॅप्टनसाहेब पुण्याचे. जेवणाआधी एक चक्कर टाकायला वर आले. मी सहज म्हणालो, "साहेब, 'पर्शिया' इथेच कुठेतरी बुडाली."

"कुठली पर्शिया?"

पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची प्रवासी बोट, मी सांगितलं. लंडनहून मार्सेय, माल्टा, पोर्ट सैद, एडन करत मुंबईला येणारी. 30 डिसेंबर 1915. जर्मन पाणबुडी यू-38, कप्तान माक्स व्हॅलेंटिनर. मे महिन्यात 'लुसिटानिया' हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवून आरडाओरडा झाल्यावर प्रवासी जहाजांना इशारा दिल्याशिवाय बुडवणार नाही असं जर्मनांनी अमेरिकेला कबूल केलं होतं. पर्शियाला कसलाही इशारा मिळाला नाही. माझे वडील खलाशी. मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये ते उतरायचे, तेव्हा मी लहानपणी तिथलं स्मारक पाहिलं होतं. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्राशिवाय कबर मिळाली नाही अशा दोन हजारांहून जास्त खलाशांचं. तेव्हापासून मला या बुडालेल्या जहाजांचा नाद.

"किती वाजता?" साहेबांनी विचारलं.

"एक वाजून दहा मिनिटांनी. लोक जेवत होते. पाच-दहा मिनिटांत जहाज खाली. 519 पैकी 343 गेले."

साहेब काही न बोलता जेवायला गेले. एक वाजता पुन्हा वर आले, खिशातून स्टॉपवॉच काढलं आणि बरोबर 13:10 ला स्वतःच्या हाताने जनरल अलार्म दाबला. सात छोटे, एक लांब.

"रविवारी, साहेब?"

"पाणबुडी वार बघून येते का रे?"

मी वॉचवर, म्हणून जागचा हललो नाही. वॉकीटॉकीवर चीफ ऑफिसर मस्टर स्टेशनवरून, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या जागेवरून, आकडा सांगत होता. आम्ही बावीस जण. दोन मिनिटं: चार. तीन मिनिटं: सहा. ब्रिजच्या विंगमधून खाली पाहिलं तर एक ऑइलर नुसत्या लुंगीवर, लाइफजॅकेट उलटं घालून पळत होता. एरवी मी हसलो असतो.

पाच मिनिटं झाली. साहेबांनी स्टॉपवॉच माझ्यापुढे धरलं. नऊ जण, आणि ब्रिजवरचे आम्ही तिघे धरून बारा. टॉर्पेडो लागल्यावर साधारण याच सुमारास पर्शियाचा बॉयलर फुटला होता. जहाज डावीकडे कलत गेलं. बोटींचं गणित इथेच बिघडतं: वरच्या बाजूची बोट उतरताना जहाजाच्या अंगाला घासून अडकते, खालच्या बाजूची लांब झुलते आणि तिच्यात पाय ठेवता येत नाही. म्हणून आजचे डेव्हिट, म्हणजे बोट खाली सोडायचे हात, जहाज वीस अंश कललं तरी बोट उतरवता येईल असे बांधतात. पर्शियाच्या मोजक्याच बोटी सुटल्या. लॉर्ड माँटेगू हिंदुस्थानात लष्कराच्या मोटारींचं काम बघायला निघाले होते. ते उलट्या झालेल्या बोटीला धरून दीड दिवस काढून वाचले. त्यांच्याबरोबरची एलेनॉर थॉर्नटन बुडाली. रोल्स-रॉइसच्या नाकावरची ती पंखवाली मूर्ती तिच्यावरून घडवली, असं म्हणतात. कपूरथळ्याचे महाराज मार्सेयलाच उतरले होते, त्यांचं जवाहीर मात्र जहाजाबरोबर गेलं. 2003 मध्ये तीन किलोमीटर खोल पाण्यातून त्यातले काही खडे वर काढले. खड्यांची कथा सगळे सांगतात. पी अँड ओच्या जहाजांवर डेकवर आणि भट्टीवर आपले लस्कर, म्हणजे हिंदी खलाशी, सलूनमध्ये गोव्याचे वाढपी, हीच रीत होती. त्यांच्याबद्दल कोणी सांगत नाही.

आठ मिनिटांना सतरा. अकराव्या मिनिटाला शेवटचा माणूस पोचला: आमचा चीफ कुक, मडगावचा. चीफ ऑफिसर त्याच्यावर खेकसला ते वॉकीटॉकीवर स्पष्ट ऐकू आलं.

"साब, हॉटप्लेट बंद केल्याशिवाय कसा येऊ? आग लागली तर पुन्हा मलाच बोलणार!"

खरं होतं ते. नियमात तेही आहे. आणि त्याचं लाइफजॅकेट तीन मजले वर केबिनमध्ये.

मालवाहू जहाजावर आदेश झाल्यापासून दहा मिनिटांत बोटी पाण्यात उतरवता आल्या पाहिजेत. आमची तर हजेरीच अकरा मिनिटांची. महिन्याच्या महिन्याला, सगळ्यांना आधी सांगून, दुपारी साडेतीनला घेतलेल्या ड्रिलमध्ये हाच आकडा चारच्या वर कधी गेला नव्हता. लॉगबुकात मीच लिहीत होतो.

"आज काय लिहू, साहेब?"

"अकरा लिही."

लिहिलं. खाली सगळे कुरकुरत पांगले. बऱ्याच जणांचं आइसक्रीम वितळलं होतं.

पुढच्या रविवारी, लाल समुद्रात, ताट घ्यायला गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, गेलो. दाराच्या आतल्या बाजूला झारे टांगायच्या हुकांची रांग आहे. पहिल्या हुकावर केशरी लाइफजॅकेट लटकत होतं, त्याला हळदीचे हात लागलेले.