डिरेलरकडे सर्वांत शेवटी पाहिलं

हार्डटेलवर, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाइकवर, मी बरीच वर्षं ट्रेल (डोंगरातल्या कच्च्या पायवाटा) चालवली आणि तिच्याबद्दल माझी फारशी तक्रार नव्हती. पण उतारावर मुळं आणि सुटे दगड एकामागोमाग आले की मागचं चाक उसळायचं, पाय पेडलवरून सुटायचे, आणि राइड संपेपर्यंत कंबर बोलायला लागायची. शेवटी फुल सस्पेन्शन, म्हणजे मागेही सस्पेन्शन असलेली सायकल, घ्यायची ठरवलं. पैसे मोजकेच होते, त्यामुळे निवड नीट करणं भागच होतं.

सुरुवातीलाच एक रेघ आखून घेतली. अगदी स्वस्तातल्या ज्या ‘डबल शॉकअप’वाल्या सायकली मिळतात, त्यांचा विचारच करायचा नाही. जड लोखंडी सांगाडा, मध्ये एक उघडी स्प्रिंग आणि तिचं उसळणं आवरायला काहीच नाही. दाबली की तितक्याच जोराने परत वर फेकते. अशा काही सायकलींवर तर ऑफरोड वापरू नये असा स्टिकर बनवणाऱ्यानेच लावलेला असतो. तेवढ्या पैशांत चांगली हार्डटेल येत असेल तर तीच घ्यावी, हे माझं मत अजूनही कायम आहे.

मग ट्रॅव्हल, म्हणजे सस्पेन्शन किती दबतं ते अंतर. ढोबळमानाने १०० ते १२० मिलिमीटर म्हणजे क्रॉसकंट्री, १२० ते १५० म्हणजे ट्रेल आणि त्यापुढे एन्ड्युरो, म्हणजे अवघड उतारांसाठीची. जास्त ट्रॅव्हल म्हणजे जास्त चांगली सायकल, असं वाटायला लागतं खरं, पण त्यासोबत वजन येतं आणि सोप्या ट्रेलवर सायकल सुस्त वाटते. मी जितका उतरतो तितकाच पेडल मारत चढतो. म्हणून मागे १२० ते १३५ आणि पुढे त्याहून थोडं जास्त, इथे थांबलो.

खरा वेळ गेला तो स्पेसिफिकेशनच्या तक्त्यांत. जाहिरातीत मागचा डिरेलर, म्हणजे गियर बदलताना चेन सरकवणारा भाग, ठळक अक्षरांत असतो, कारण गिऱ्हाईक पहिल्यांदा तिथेच बघतं. बनवणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. डिरेलर वरच्या श्रेणीचा लावायचा आणि कॅसेट (मागची दातेरी चक्रं), चेन, हब, ब्रेक, फोर्क (पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा दुपाखी भाग) यांत ती रक्कम वळती करून घ्यायची, ही जुनी युक्ती आहे. आणि डिरेलर म्हणजे दगडाला लागून सगळ्यात आधी वाकणारा भाग! म्हणून मी कागदावर दोन रकाने आखले. एकात पुढेमागे सहज बदलता येईल ते, दुसऱ्यात सायकल आहे तोवर ज्याच्याशी संसार करावा लागेल ते.

दुसऱ्या रकान्यात पहिली आली फ्रेमची भूमिती. हेड अँगल, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीचा (हेड ट्यूबचा) कल, ६५ ते ६६.५ अंशांच्या आसपास असला की पुढचं चाक उतारावर स्थिर राहतं. सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची नळी, ७५ अंशांहून उभी असली की चढावर वजन पेडलच्या वर येतं आणि पुढचं चाक उचललं जात नाही. मग मागचा ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस. जुनी १३५ मिलिमीटरची क्विक रिलीज असेल तर पुढे चांगलं चाक शोधताना नाकी नऊ येतात. १२ बाय १४८, म्हणजे बूस्ट, असायलाच हवा. पुढे १५ बाय ११०. हेड ट्यूब टेपर्ड, म्हणजे खाली रुंद होत गेलेली, हवी, नाहीतर नंतर बरा फोर्क बसत नाही. ड्रॉपर पोस्टची (चालवताना बटणाने सीट खालीवर करणाऱ्या दांड्याची) केबल आत घालायला फ्रेमला जागा आहे का, हेही पाहिलं. यादीतली एक दिसायला देखणी सायकल निव्वळ मागच्या ॲक्सलपायी बाद झाली.

फोर्क तसा बदलता येतो, पण सुट्या भागांत तोच सर्वांत महाग पडतो, म्हणून मी त्याला दुसऱ्याच रकान्यात टाकलं. हवेवर चालणारा, रिबाउंड (दबल्यावर परत वर येण्याचा वेग) जुळवता येणारा, आणि नळ्या ३४-३५ मिलिमीटर जाडीच्या. ३० किंवा ३२ च्या नळ्यांचा लांब फोर्क जोरात ब्रेक मारल्यावर वाकतो आणि नेम धरलेली रेघ सुटते.

मागच्या सस्पेन्शनच्या रचनेवर लोक तावातावाने वाद घालतात: सिंगल पिव्हट (एकच सांधा), हॉर्स्ट लिंक, व्हीपीपी, डीडब्ल्यू लिंक. हॉर्स्ट लिंकच्या अमेरिकी पेटंटचे हक्क कित्येक वर्षं स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीकडे होते. २०१३ मध्ये मुदत संपली आणि ती रचना बाकीच्यांनाही मोकळी झाली. जायंट कंपनीच्या स्टान्स या सायकलमध्ये सिंगल पिव्हट आहे आणि मागच्या नळ्याच थोड्या लवचीक ठेवल्या आहेत, त्यामुळे बेअरिंग कमी. मला विचाराल तर या किमतीच्या पट्ट्यात रचनेच्या नावापेक्षा दोन साधे प्रश्न महत्त्वाचे: बेअरिंग कुठेही मिळणाऱ्या मापाची आहेत का, आणि शॉक (मागचा धक्का शोषणारा भाग) २१० बाय ५० सारख्या सर्वसाधारण मापाचा आहे की कंपनीचाच लागतो?

जुनी सायकलही पाहिली. सीट धरून मागचं टोक हलकेच उचललं तर पिव्हट किंवा शॉकच्या बुशमध्ये खेळ आहे का ते हाताला लगेच कळतं. फोर्कच्या नळ्यांवर नख फिरवून ओरखडे तपासायचे, वेल्डजवळ रंगाला बारीक चीर आहे का ते उजेडात बघायचं. फोर्कच्या खालच्या नळ्यांची सर्व्हिस साधारण दर ५० तासांनी करायची असते. शेवटची कधी केली असं विचारल्यावर विकणारा गप्प बसला, तेव्हाच उत्तर मिळालं. बेअरिंग काढायची-बसवायची हत्यारं घरी असतील तर दोन-तीन वर्षं वापरलेली चांगली सायकल हा सर्वांत किफायती सौदा आहे. माझ्याकडे ती हत्यारं नव्हती, म्हणून नवीच.

चालवून पाहायला गेलो तेव्हा माझी सॅक पाठीवर होती, कारण सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते, चालवणाऱ्याच्या पूर्ण वजनावर मोजायचा असतो. दुकानातला मुलगा म्हणाला, “हवा बरोबर आहे, बसा की सर.” मी आग्रहाने शॉक पंप मागवला. शॉकची दांडी ५० मिलिमीटर सरकते, सॅग त्याच्या तीस टक्के, म्हणजे १५ हवा. रबरी रिंग खाली सरकवून हलकेच बसलो, उतरलो, मोजलं, तर रिंग जेमतेम आठवर. हे केलं नसतं तर ती सायकल मला उगाच कडक वाटली असती. हवा कमी करून पुन्हा चढावर नेली, तर बसून पेडल मारताना मागचा भाग फारसा डुलत नव्हता. दोन मापांमध्ये अडकलो होतो, तिथे रीच (पेडलपासून हँडलपर्यंतचं फ्रेमचं आडवं अंतर) पाहून मोठं माप घेतलं. ड्रॉपर पोस्ट पूर्ण खाली जाते आहे याची मात्र खात्री करून.

घेतली ती ॲल्युमिनियमची, २९ इंची चाकांची, शिमानो डिओरच्या १२ गियरची. वजन पंधरा किलोच्या घरात. कार्बन नाही, पण मला त्याची हळहळ नाही. रिम ट्यूबलेसला चालणाऱ्या होत्या, तरी आत ट्यूब घातल्या होत्या. त्या काढून टेप आणि सीलंट (छिद्रं बुजवणारा द्रव) घातलं. वाचवून ठेवलेल्या पैशांतून पुढचं टायर जास्त पकडीचं घेतलं, शॉक पंप घेतला, गुडघ्यांचे पॅड घेतले. पहिल्या काही राइडनंतर पिव्हटचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळले. त्यातला एक सैल झालेला निघाला. ब्रेक दोन पिस्टनचे आहेत आणि लांब उतारावर तापतात, तेव्हा पुढच्या चाकाला ब्रेकची २०० मिलिमीटरची डिस्क टाकायचा विचार आहे. फोर्कला तेवढी चालते, हे घेण्याआधीच पाहून ठेवलंय.