सुपारी फुटायच्या आधी : सीमाभागातल्या पथनाट्याविषयी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बालविवाहावर पथनाट्य करायचं म्हटलं की आधी संहिता नाही, पंचांग उघडायचं. तुळशीची लग्नं लागली की गावात स्थळं फिरायला लागतात, पुढे याद्या होतात, वैशाखात मांडव पडतात. बहुतेक पथकं मात्र मार्च-एप्रिलमध्ये बाहेर पडतात, कारण तेव्हा कॉलेजची पोरं मोकळी होतात. तोवर सुपारी फुटलेली असते. चार माणसांत शब्द गेलेला असतो. मग बाप नाटक बघून डोळे पुसतो आणि दुसऱ्या दिवशी पत्रिका छापायला टाकतो. दिवाळी ते संक्रांत हा खरा हंगाम.

तोही सलग मिळत नाही. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन. त्याच्या आगेमागे चौकात चार माणसं गोळा करणं शहाणपणाचं नाही. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की पोलीस बंदोबस्ताला जातात आणि परवानगीचा अर्ज टेबलावरच पडून राहतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या पुनवेला आणि पुढे माघातल्या भरत पुनवेला, कित्येक गावं अर्धी रिकामी होतात. खानापूरकडे भाताची सुगी, चिकोडी-अथणीकडे ऊसतोड. हे सगळं वगळलं की हाती वीस-बावीस संध्याकाळ उरतात. त्या आधी मोजा आणि मगच किती गावं घ्यायची ते ठरवा.

कोल्हापूरकडून येणाऱ्या पथकांची एक चूक वर्षानुवर्षं चालू आहे. कायदा महाराष्ट्राचा सांगतात. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा, असं टाळ्या घेत म्हणायचं आणि उभं राहायचं कर्नाटकात! इथे कर्नाटकाचा २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, तो २०२० पासून लागू आहे. बालविवाहाचा केंद्रीय कायदा २००६ चा, दोन्ही राज्यांत तोच. पण इथे एक मोठा फरक आहे. केंद्राच्या कायद्यात असं लग्न मुलीने किंवा मुलाने कोर्टात जाऊन रद्द करून घ्यावं लागतं, आणि तेही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. कर्नाटकाने स्वतःची दुरुस्ती करून बालविवाह मुळातच शून्य ठरवला, म्हणजे कायद्याच्या लेखी लग्न लागलंच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात याच दुरुस्तीचं नाव घेऊन इतर राज्यांनीही तसं करावं असं सुचवलं होतं. नाटकात याचं सोनं करता येतं. मध्यस्थ म्हणतो, ‘एकदा अक्षता पडल्या की कोण काय करणार?’ आणि हलगीवाला थाप थांबवून म्हणतो, ‘महाराष्ट्रात कोर्टाची पायरी चढावी लागंल, हिथं पडल्याच न्हाईत की गा अक्षता!’ हशा पिकतो आणि कलम लक्षात राहतं.

अधिकारीही बदलतो. ‘ग्रामसेवकाकडे तक्रार करा’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या शिनोळीत चालेल, कर्नाटकातल्या उचगावात नाही. इथे पंचायतीत पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) असतो, अंगणवाड्यांच्या वर सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) असतात. मुलगी ‘एसएसएलसी झाली, पीयूसीला जायचंय’ असं म्हणते. ‘दहावी बोर्ड, मग अकरावी’ म्हटलं की पुढच्या रांगेतल्या पोरींनाच ते परकं वाटतं. जुन्या संहितांमधला आणखी एक संवाद आता कापावा लागतो : ‘कॉलेजला धाडायला बसभाडं कुठलं आणू?’ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायकामुलींना सरकारी साध्या बसला तिकीट नाही, त्यामुळे ती सबब गावात कुणी देतच नाही. आता सबब असते ती फाट्यापासून गावापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरची आणि संध्याकाळच्या चुकलेल्या शेवटच्या गाडीची. सबब जुनी ठेवली की बाप पात्र मूर्ख दिसतं. मूर्ख बापाला हसून प्रेक्षक सुटतो, स्वतःला त्यात बघत नाही.

संहिता लिहिताना एकच निर्णय धरा. हुंडा, दारू, शिक्षण, बालविवाह, स्वच्छता असं सगळं पंचवीस मिनिटांत कोंबलेलं नाटक म्हणजे सरकारी फलक. ‘बालविवाह वाईट’ हाही निर्णय नव्हे, ते मत झालं, आणि त्याला गावात कुणी नाही म्हणत नाही. निर्णय असा : स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाला चहा पाजून ‘दोन वर्षांनी या’ कोण म्हणणार? बहुतेक घरांत हे बाप ठरवत नाही. त्याची आई ठरवते, नाहीतर थोरला चुलता. म्हणून आजीचं पात्र सगळ्यात कसून लिहायचं आणि तिच्या तोंडी खरी भीती द्यायची : पोरीचं नाव कुणाशी जोडलं गेलं तर काय, माझे डोळे मिटायच्या आत नातजावई बघायचाय, धाकटीलाही त्याच मांडवात उजवली तर खर्च वाचेल. या तिन्हींना नाटकात उत्तर मिळालं नाही तर नाटक पडलं समजा. आणि एका वाक्यात मिळालं तरी पडलंच.

शिक्षा सांगायची असेल तर नेमकी सांगा. केंद्रीय कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. लग्न लावणारा, ठरवणारा, होऊ देणारे आईबाप, शिवाय हजर राहून हातभार लावणारे, सगळे त्यात येतात. बाईला मात्र कैद नाही. हे लपवू नका. गावातलं कुणीतरी ते सांगतंच आणि मग बाकीचंही खोटं ठरतं. शिक्षेवर फार जोर देऊही नये. धमकीने लग्न थांबत नाही, शेजारच्या राज्यातल्या मामाच्या गावी जाऊन गुपचूप लागतं. सीमेवर राहण्याची ही सोय सगळ्यांना ठाऊक आहे.

आता भाषा. शहरी प्रमाण मराठीत नाटक केलं की ते शाळेचं होतं. ‘काय करूलालास?’ ही इथली मराठी, तिच्यात कन्नड मुरलेलं आहे. शिवाय प्रत्येक गावात कन्नड घरं असतातच, आणि निपाणी-चिकोडीकडे एकाच गल्लीत दोन्ही. भाषांतर करत नाटक करू नका, दुप्पट वेळ जातो आणि विनोद दोन्हीकडे मरतो. जोडीची युक्ती वापरायची : एक पात्र मराठीत विचारतं, दुसरं कन्नडात उत्तर देतं, आणि उत्तर असं रचायचं की प्रश्न न कळलेल्यालाही तो कळावा. मुलगी सगळं नाटक मराठीत बोलते आणि एकदाच, मध्यस्थाच्या तोंडावर, म्हणते, ‘ननग मदुवी ब्याड.’ मला लग्न नको, हे कळायला इथे कुणाला शब्दकोश लागत नाही. बॅनर मात्र लावूच नका. कुठली भाषा वर आणि किती मोठी, यावर जो वाद पेटतो त्यात नाटक बाजूला राहतं. हलगी वाजली की लोक जमतात, बॅनर वाचून कुणी आलेलं नाही.

माणसं सात पुरे : चार पात्रं, एक सोंगाड्या, एक हलगीवाला, आणि एक जण ज्याने काहीच करायचं नाही, फक्त प्रेक्षकांकडे बघायचं. लांबी पंचवीस मिनिटं. सामान एका पोत्यात मावलं पाहिजे : फेटा, काठी, चहाची किटली, दप्तर, सुपारीचं ताट. मोकळी जागा बारा-पंधरा फूट व्यासाची, भोवती दीड-दोनशे माणसं; त्यापलीकडे बिनमाईकचा आवाज पोचत नाही. माईक घेतलाच तर रात्री दहानंतर बंद करावा लागतो हे अर्जातच लिहा. अर्ज कन्नडात, दोन प्रती, एकीवर पोच. तो खिशात असला की निम्मे वाद तिथेच मिटतात.

नोव्हेंबरनंतर दव पडायला लागलं की हलगी बसते. कातडं सैल पडून आवाज पुठ्ठ्यासारखा येतो. चगळाचा लहानसा जाळ करून शेकावी लागते, पण फार जवळ धरली तर कातडं तडकतं. नाटक लांबलं तर मध्ये पुन्हा शेकायला वेळ नसतो, म्हणून एक फायबरच्या पानाची जोडीला ठेवा. आवाज हलका असतो, पण असतो. चौंडकं वापरायचा मोह मात्र आवरा. ते यल्लम्माला वाहिलेल्या जोगतिणींचं वाद्य आहे, नाटकातली शोभा नव्हे. वाजवायचंच असेल तर वाजवणाऱ्या बाईलाच बोलवा, तिची बिदागी आधी ठरवा आणि तिला जे म्हणायचं नाही ते तिच्याकडून म्हणवून घेऊ नका. फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या जलशांनी तमाशाचा साचा घेतला तेव्हा तमाशातली माणसंही सोबत घेतली होती. आपण बरेचदा फक्त साचा उचलतो.

जागेचं गणित सगळ्यात अवघड. चावडीपुढे केलं तर बायका लांबून, दाराआडून बघतात. देवळाच्या आवारात केलं तर दलित वाड्यातली माणसं येत नाहीत, आली तरी कडेला उभी राहतात. शाळेचं मैदान त्यातल्या त्यात बरं, पण तिथे पोरंच पुढे बसून गोंगाट करतात. उपाय एकच, एका गावात दोन प्रयोग : संध्याकाळी दूध घालायची वेळ सरता सरता डेअरीपाशी एक, आणि साडेसातला दलित वाड्यात दुसरा. डेअरीवर बायका किटल्या घेऊन आलेल्याच असतात, त्यांना घरी कारण सांगावं लागत नाही.

नाटक संपलं की टाळ्या घेऊन निघायचं नाही, खरं काम त्यानंतरच्या वीस मिनिटांत असतं. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलने रूढ केलेली पद्धत इथे छान चालते. मध्यस्थ घरात येतो तो पाच मिनिटांचा प्रसंग पुन्हा करायचा, आणि कुणालाही ‘थांबा’ म्हणून पात्राच्या जागी येऊ द्यायचं. बिघाड ठरलेले असतात. पहिला माणूस बापाच्या जागी येतो आणि ‘नाही म्हणजे नाही’ म्हणून टाळ्या घेतो; तेव्हा आजीने लगेच नमतं घेतलं तर सगळंच फुकट. आजीने रडायचं, जेवण टाकायचं, चुलत्याला हाक मारायची. बायका उठून येत नाहीत, त्यांना बसल्या जागेवरून वाक्य सांगू द्या आणि सोंगाड्याने ते जसंच्या तसं पात्राच्या तोंडी घालावं. पंचायतीचा सदस्य उठला की भाषण होतं. त्याला भाषणाऐवजी चुलत्याची भूमिका द्या. दारू पिऊन आलेल्याला हाकलू नका, हलगीवाल्याने त्याच्याशेजारी जाऊन उभं राहावं.

एक सावधगिरी राहिली तर नाटकाने अपायच होतो. नाटकातल्या मुलीचं नाव, आडनाव, बापाचा धंदा, कुलदैवत, यातलं काहीही त्या गावातल्या एखाद्या घराशी जुळता कामा नये. आदल्या दिवशी शाळेत किंवा अंगणवाडीत विचारून नाव बदला. सगळ्या नजरा एका पोरीकडे वळल्या तर लग्न थांबण्याऐवजी लवकर उरकतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर ओरडून सांगण्यापेक्षा दोन्ही भाषांत छापलेल्या बारीक चिठ्ठ्या सगळ्याच मुलींना वाटा, म्हणजे कुणी घेतली हे दिसत नाही. प्रेक्षकांकडे बघायला ठेवलेला सातवा माणूस पोतं भरून होईपर्यंत मुद्दाम मागे रेंगाळतो. जिला बोलायचं असतं ती तेव्हाच येते, बहुधा मैत्रिणीचं नाव सांगत.

अहवालात ‘तीनशे प्रेक्षक’ लिहून देणगीदार खूश होतात, पण त्याने काही कळत नाही. एसएसएलसीचा निकाल लागल्यावर मुख्याध्यापकांकडून गावातल्या पास झालेल्या मुलींचा नुसता आकडा घ्या, नावं नकोत, आणि जूनअखेरीस त्यातल्या किती जणी पीयूसीला गेल्या ते विचारा. आधीच्या दोन वर्षांचेही हेच आकडे त्याच वहीत मिळतात. फरक पडला नसेल तर पुढच्या दिवाळीला आजीचं पात्र पुन्हा लिहायला घ्या.