पाचट पेटवण्याआधी

मराठवाड्यात हवा दोनदा बिघडते. चैत्र-वैशाखात नांगरलेली काळी रानं उघडी पडतात, वावटळी उठतात, घरादारावर धूळ साचते. ही धूळ बहुतांशी जाड. नाक-घसा बरीचशी अडवतो आणि वारा पडला की ती खालीही बसते. निसर्गाचाच दुसरा त्रास गाजरगवताच्या परागांचा. दम्याच्या माणसाला तो पुरेसा होतो.

दिवाळीनंतरचं दुखणं मात्र आपलं आहे. ऊस तुटला की पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटतं, पुढे कपाशीची पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या. धुरातले बरेचसे कण २.५ मायक्रॉनहून बारीक असतात, ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. त्यात थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार, त्यामुळे ती वर चढतच नाही. संध्याकाळी लावलेल्या आगीचा धूर सकाळी ओढ्याकाठी बाभळीच्या शेंड्याएवढ्या उंचीवर तसाच पसरलेला दिसतो.

जालन्याच्या पोलाद भट्ट्या, परळीच्या औष्णिक केंद्राची राख, खडी केंद्रं, वीटभट्ट्या हेही आहेच. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही शहरं आहेत. तिथली हवा सुधारायचं काम यंत्रणेकडून करूनच घ्यायला हवं. पण पाचटाची काडी आपल्याच हातात असते.

एकरी ३ ते ४ टन पाचट निघतं. ते सरीत दाबा आणि बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. बुडख्यांवर पाचट राहिलं की फुटवे उशिरा येतात. सरीतल्या पाचटावर एकरी सुमारे ३२ किलो युरिया आणि ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका. पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन ४ किलो घ्या, पण शेणखतात मिसळून वेगळं पसरा. युरियात कालवलं तर जिवाणू मरतात. युरिया वाचवायचा मोह होतो, तो टाळा: पाचटात नत्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणून कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा, म्हणजे बुडख्यांतून फुटलेला पुढचा ऊस, पिवळा पडतो. मग लगेच पाणी द्या. ओल तुटली की कुजणं थांबतं.

पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून लगेच गाडा. बांधावर रचून ठेवली तर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत टिकते.