नववा रॉड सरकला तेव्हा

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या विज्ञान इमारतीवर मी प्रकल्प निरीक्षक होतो. त्या दिवशी यंत्रखोलीत अँकरची, म्हणजे यंत्र काँक्रीटला धरून ठेवणाऱ्या रॉडची, ओढचाचणी होती. पंपांच्या चौथऱ्यांत अर्ध्या इंची आट्यांचे रॉड भोकं पाडून इपॉक्सी गोंदाने बसवलेले. अशा यंत्रांचे निम्मे अँकर, म्हणजे एकाआड एक, तपासायचे, तेही बसवून किमान 24 तास झाल्यावर.

प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ हायड्रॉलिक जॅकने दाब वाढवत होता. चाचणीच्या भाराला रॉड तसूभरही हलता कामा नये. नववा निम्म्या भारालाच सरकला. उपसून पाहिला, तर इपॉक्सीच्या अंगाला काँक्रीटची पूड, पिठात घोळवल्यासारखी. रॉड धुळीला चिकटला होता, काँक्रीटला नाही.

9/16 इंची भोक पाडलं की तळापासून हवा मारायची, तारेचा ब्रश फिरवायचा, पुन्हा हवा मारायची. ब्रश भोकात घट्ट जायला हवा. इथला झिजून सैल झालेला, आणि हवेची नळी तळापर्यंत पोचतच नव्हती. छतातल्या, सतत ओढ सोसणाऱ्या अँकरचं प्रत्येक भोक निरीक्षकासमोर भरतात. जमिनीतल्यांची पाहणी अधूनमधून होते, तिथेच हे निसटलं.

एक फेल गेला की त्याच टोळीने बसवलेले त्याच प्रकारचे उरलेले अँकर ओढत जायचं, सलग 20 पास होईपर्यंत. चौदावा पुन्हा सरकला आणि मोजणी शून्यावर आली. मुकादम म्हणाला, "भोक साफ करून त्यातच नवा रॉड घालतो." पण दुरुस्ती कशी करायची हे ना तो ठरवतो, ना मी, ते स्ट्रक्चरल इंजिनियरचं काम. तोंडी सांगून भागेना, तेव्हा लेखी नोटीस काढली. तिच्या प्रती आर्किटेक्टला, इंजिनियरला आणि राज्याच्या आर्किटेक्ट विभागाला जातात.

मुकादमाला असं अडवता येतं ते फील्ड ॲक्ट या राज्याच्या कायद्यामुळे. 10 मार्च 1933 च्या लाँग बीच भूकंपात शाळांच्या इमारती कोसळल्या. संध्याकाळ होती म्हणून वर्ग रिकामे होते. महिन्याभरात हा कायदा झाला. निरीक्षकाला मान्यता राज्य देतं, पगार कॉलेजचं मंडळ. कंत्राटदार त्याला हटवू शकत नाही. राज्याची विद्यापीठं मात्र या कायद्याबाहेर आहेत, हे मला कधीच पटलं नाही.

इंजिनियरने नवी भोकं जुन्यांपासून अंतर राखून दाखवली आणि जुनी ग्राउटने बुजवायला सांगितली. ब्रश नवे आले. बदललेला प्रत्येक रॉड ओढून पाहिला, मगच तपासणी कार्डावर सही केली.