उसातलं पाणी रडारला दिसत नाही

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा मी अकरावीत होते. धोक्याची पातळी 45 फूट. आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, ‘पाणी कुठवर आलंय?’ 2023 मध्ये, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ या विद्यार्थ्यांच्या देशपातळीवरच्या तंत्रज्ञान स्पर्धेसाठी विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही.

स्पर्धेची रीत थोडक्यात सांगते. संघ सहा जणांचा, त्यात किमान एक मुलगी हवी. आधी कॉलेजातली फेरी, मग ठरावीक साच्यातल्या स्लाइड, आणि निवड झालीच तर देशातल्या एखाद्या केंद्रावर सलग 36 तासांची अंतिम फेरी.

आमची कल्पना अशी होती: सेंटिनेल-1 हा युरोपचा रडार उपग्रह ढगांतूनही जमीन बघतो आणि त्याची चित्रं फुकट मिळतात. संथ पाण्यावरून रडारच्या लहरी आरशासारख्या पलीकडे निघून जातात, म्हणून चित्रात पाणी काळं दिसतं. काळं ते पाणी, एवढं साधं. अडचण आकाराची होती. एका चित्रात सुमारे 40 कोटी पिक्सेल, आणि एका प्रोसेसरवर ते पूर्ण व्हायला 48 मिनिटं लागायची. मग त्याचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका प्रोसेसरला द्यायचा.

इथेच आम्ही महिनाभर अडकलो. चार प्रोसेसरवर वेळ 19 मिनिटांवर आला, म्हणून सगळे खूश. सोळांवर 12 मिनिटं. बत्तीसांवर 11! सोळा प्रोसेसर वाढवून एकच मिनिट वाचलं होतं. कागदावर मांडल्यावर कळलं, की झिप उघडणं आणि शेवटी सगळे तुकडे जोडून एक फाइल लिहिणं ही कामं एकटा एकच प्रोसेसर करत होता आणि त्यात 10 मिनिटं जात होती. ती 10 मिनिटं कितीही यंत्रं लावली तरी हलणार नव्हती. अ‍ॅमडालचा नियम, म्हणजे कामाचा जो भाग वाटून देता येत नाही तोच वेगाला मर्यादा घालतो, परीक्षेत दोनदा लिहिला होता, तो खरा समजला त्या संध्याकाळी. मग मूळ चित्र अशा रूपात साठवलं, की ज्याला जो भाग हवा त्याने तेवढाच वाचावा. जोडणीची फाइल लिहिणं बंद केलं, नुसती तुकड्यांची यादी ठेवली. सोळांवर वेळ चार मिनिटांवर आला.

तुकड्यांच्या कडांवर मात्र रेघा उमटत होत्या. रडारच्या चित्रातली ठिपक्यांची खडखड कमी करायला शेजारचे पिक्सेल लागतात, आणि कडेला शेजारीच नसतो. प्रत्येक तुकडा थोडा मोठा कापून घेतल्यावर त्या गेल्या.

अंतिम फेरीत पहिल्याच तपासणीला एका परीक्षकांनी विचारलं, “एका कक्षेतलं पुढचं चित्र 12 दिवसांनी येतं. मग तुमच्या चार मिनिटांनी पूरग्रस्ताला काय मिळालं?” आम्ही सहाही जण गप्प. प्रश्न अगदी बरोबर होता. पूर चालू असताना कामाला येईल असं काहीतरी आम्हाला बनवायचं होतं, आणि उपग्रह तेवढ्या वेळा येतच नव्हता.

जेवताना आमच्यातला एक जण म्हणाला, “मग जुनी चित्रं बघू या की!” पडताळणीसाठी 2017 पासूनच्या पावसाळ्यांची पन्नासेक चित्रं हार्ड डिस्कवर होतीच. कुठल्या वस्तीत किती वेळा पाणी आलं, हा नकाशा पुराआधीच उपयोगी पडतो: घर कुठे बांधावं, जनावरं कुठे हलवावीत. आणि इथे चित्राचे तुकडे करायची गरजच नव्हती. सोळा चित्रं, सोळा प्रोसेसर, कुणाला कुणाची वाट बघावी लागत नाही. महिनाभराची मेहनत बाजूला ठेवायला जीव तुटला, पण ठेवली. मेमरी पुरावी म्हणून कृष्णा-पंचगंगेचा पट्टा तेवढा कापला, रात्री अकराला काम लावलं आणि एकच्या सुमारास सगळं उरकलं.

सकाळी नकाशा उघडून मी आधी आजोळ शोधलं. ते नृसिंहवाडीजवळ आहे. 2021 च्या चित्रात मामांचं शेत कोरडं दिसत होतं. फोन लावला.

“मामा, 2021 ला रानात पाणी आलं होतं का?”

“अगं, उसात कमरेएवढं होतं की!”

पुन्हा पाहिलं तर नदीकाठची उसाची रानंच्या रानं कोरडी होती. उभ्या उसात लहरी पाण्यावरून उसळून कांड्यावर आदळतात आणि उपग्रहाकडे परततात, किंवा दाट पाल्यामुळे पाण्यापर्यंत पोचतच नाहीत. काळं ते पाणी, हे आमचं सूत्र नेमकं आमच्याच भागात फसत होतं.

शेवटच्या तपासणीला तीन तास उरले होते. त्यात दुरुस्ती होणं शक्य नव्हतं. उसाखालचं क्षेत्र आम्ही नकाशावर वेगळ्या रंगात ‘सांगता येत नाही’ म्हणून दाखवलं आणि मामांचं शेत उदाहरण म्हणून पहिल्या स्लाइडवर घेतलं. परीक्षक त्याच स्लाइडवर सर्वांत जास्त वेळ थांबले.

बक्षीस दुसऱ्या संघाला मिळालं. त्यांचं काम खरंच चांगलं होतं. आम्ही सहांपैकी तिघं अजून उसाच्या मागे आहोत. मामांनी शेजारच्या आठ शेतकऱ्यांकडून कुठल्या पुरात कुणाच्या रानात किती पाणी होतं ते वहीत उतरवून घेतलंय. सध्या ती वही आणि चित्रं शेजारी ठेवून एकेक रान ताडून बघतोय.