दंडारीतली राणी

धान चुरून झालं होतं. पुंजण्याच्या जागी तणसाचा ढीग उरला होता आणि आबाजींना झोप येत नव्हती. "तुह्या मोबाइलात दंडार-गिंडार आहे का रे?" त्यांनी विचारलं. दंडार म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य; ती काही सापडली नाही. मग तांब्याला मोबाइल टेकवून मी 'चरणदास चोर' लावला.

खरं म्हणजे मला स्मिता पाटील पाहायची होती. १९७५ चा हा कृष्णधवल सिनेमा श्याम बेनेगलांनी बालचित्रपट संस्थेसाठी केला. मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारी ही जेमतेम विशीतली मुलगी त्यात राजकुमारी झाली आहे. काम लहानसंच, तेही बरंच उशिरा येणारं. बाकी पसारा सगळा रंगकर्मी हबीब तन्वीरांच्या नया थिएटरमधल्या, 'नाचा' हे छत्तीसगढी लोकनाट्य करणाऱ्या कलावंतांचा.

आबाजींची बहीण छत्तीसगढात, डोंगरगडकडे दिलेली. सालेकसा, दरेकसा ओलांडलं की तिचा मुलूख. त्यामुळे मला विनोद उमजायच्या आधीच ते हसून मोकळे व्हायचे. चोर आणि खरं बोलायची प्रतिज्ञा! "मेला बाप्पा आता हा," म्हणाले.

"थांबा आबाजी, आता ती येईल," मी दोनदा सांगितलं. त्यांना घाई नव्हती.

आली. "हे कोन?"

"स्मिता पाटील. 'जैत रे जैत'मधली."

आबाजी मोबाइलजवळ सरकले. तरुणपणी त्यांनी दंडारीत राणी केलेली; तेव्हा बायांची कामं गडीच करत. बराच वेळ बघून म्हणाले, "डोळे लय बोलते पोट्टीचे. पन राणी पहिले पदर सांभाळते, मंग बसते."

एवढ्यावर थांबतील तर आबाजी कसले! खाटेवरून उतरले, खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला, डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्याची कड चिमटीत धरली आणि मान जराशी वळवून तणसावर बसले. गुडघा कटकन वाजला. चेहऱ्यावरची राणी मात्र हलली नाही.

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकांची पोस्टरं लागतात. त्यावर मुंबईहून आणलेल्या नटीचा फोटो दारभर असतो, तिच्या एन्ट्र्या दोन. पहाटेपर्यंत पब्लिक धरून ठेवणारा विनोदी नट खालच्या कोपऱ्यात, पासपोर्ट साइजमध्ये. मी त्या पोस्टरांना नेहमी हसतो. आणि हा सिनेमा? मीही तिच्याच नावानं शोधला होता.

"अन् थो चोर कोन होय?" आबाजींनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. शोधावं लागलं. "लालूराम."

"हं." दुपट्टा अजून डोक्यावरच होता. "मांगं घे जरा. थो पहिल्यांदा येते ना, तिथून लाव."