शेवंतीला कापसाचं वस्त्र

क्योतोत आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिठाईचं एक लहानसं दुकान आहे. सप्टेंबर लागला की तिथल्या काचेआड ‘किसेवाता’ दिसू लागते. पांढऱ्या घेवड्याचं गोड पुरण मळून केलेली गुलाबी शेवंती, एकेक पाकळी लाकडी पट्टीने दाबून काढलेली, आणि माथ्यावर चाळणीतून पाडलेल्या पुरणाचा पांढरा झुबका. हा झुबका म्हणजे कापूस.

नवव्या महिन्याच्या नवमीला इथे चोयो, शेवंतीचा सण. आदल्या संध्याकाळी फुलांवर कापूस पांघरायचा, रात्रभर दव आणि वास त्यात मुरू द्यायचा, सकाळी त्याने तोंड पुसायचं. म्हातारपण लांबणीवर पडतं म्हणे. ‘किसेवाता’चा अर्थ ‘नेसवलेला कापूस’. म्हणजे आपलं कापसाचं वस्त्रच की! (जुन्या दरबारी काळात मात्र तो कापूस नसे, रेशमाचा पुंजका असे.)

१००८ साली ‘गेंजीची कथा’ लिहिणाऱ्या दरबारी लेखिकेला, मुरासाकी शिकिबूला, तेव्हाचा बलाढ्य सरदार मिचिनागा याच्या बायकोने असा पुंजका पाठवला. सोबत निरोप: म्हातारपण नीट पुसून टाक. माया की टोमणा, ज्याने त्याने ठरवावं. मुरासाकीने उलट कविता रचली: मी बाही तेवढी भिजवते, हजार वर्षांचं आयुष्य फुलांच्या मालकिणीलाच लाभो. पण तोवर बाईसाहेब निघून गेल्या होत्या. कविता डायरीतच राहिली.

१८७३ मध्ये जपानने पंचांग बदललं आणि सण ९ सप्टेंबरला आला. तेव्हा इथे घामाच्या धारा आणि शेवंतीला जेमतेम कळ्या. फुललेली शेवंती ती मिठाईच्या दुकानातच. म्हणून मी जुनी तिथी धरते. अधिक महिन्याचा घोळ नसेल तर ती आपल्या खंडेनवमीलाच येते. २०२३ मध्ये दोन्ही २३ ऑक्टोबरला होत्या. पुण्यात त्या दिवशी मंडईबाहेर शेवंतीचे ढीग. माझ्याकडे गॅलरीत एक कुंडी, पिवळी.

रीत अशी की पांढऱ्या फुलाला पिवळा कापूस, पिवळ्याला लाल, लालला पांढरा. लाल कुठून आणू? आईने दिलेला वस्त्रांचा कापूस होता, कुंकू होतं. कालवलं, वाळवलं, फुलांना नेसवलं.

सकाळी कापूस चक्क ओलसर होता. वास कडवट, गार, दसऱ्याच्या हारासारखा. डोळे मिटून कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड पुसलं.

नवरा दात घासत बाहेर आला, क्षणभर थबकला आणि म्हणाला, “कुठल्या वॉर्डातून निवडून आलीस?”

ऑफिसला उशीर झालाच. कानामागचा लाल रंग बुधवारपर्यंत टिकला.